अँपिसिलिन न टाकता प्लाझमिड टिकवला, माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीजवळच्या एका छोट्या लॅबमधली गोष्ट. ई. कोलाय बॅक्टेरियाच्या मोठ्या फ्लास्कमध्ये प्लाझमिडवरच्या (पेशीत बाहेरून घातलेलं डीएनएचं छोटं कडं) जीनचं प्रोटीन कमीच मिळायचं, म्हणून कल्चर साध्या आणि अँपिसिलिनच्या (प्लाझमिड नसलेल्या पेशी मारणारं अँटिबायोटिक) प्लेटवर लावून बघितलं तर निम्म्याहून जास्त पेशींनी प्लाझमिड टाकूनच दिलेला. कारण असं की प्लाझमिडमुळे बनणारं बीटा-लॅक्टमेज एन्झाइम बाहेर येऊन औषधच खाऊन टाकतं, मग प्लाझमिड नसलेले फुकटे पण जगतात, लग्नाच्या पंगतीतल्या बिनआमंत्रणाच्या पाहुण्यांसारखे.

मग ई. कोलायचा एचबी१०१ स्ट्रेन (वाण) घेतला. त्यात ल्यूबी जीन बिघडलेला असतो, ल्यूसिन हे अमिनो अ‍ॅसिड स्वतः बनवता येत नाही. आणि यीस्टचा एलईयू२ जीन ते काम ई. कोलायमध्येसुद्धा करतो (१९७० च्या दशकातच दाखवलंय लोकांनी, भारीच की!), त्यामुळे एलईयू२ वाला पीआरएस४२५ प्लाझमिड पेशींत घातला आणि एम९ ग्लुकोज मिडियात (फक्त क्षार आणि साखर असलेला), ल्यूसिन न घालता, वाढवलं. ज्यानं प्लाझमिड सोडला तो ल्यूसिनविना अडतो.

प्रोलिन आणि थायमिन मात्र टाकायलाच लागतं, हा स्ट्रेन त्याच्यावरपण अडतो. एलबीतल्या (नेहमीचा भरपूर पोषक मिडिया) पेशी आधी सलाईनने धुवा, नाहीतर उरलेलं ल्यूसिन घोळ घालतं, कॅसअमिनो अ‍ॅसिड (अमिनो अ‍ॅसिडांचं मिश्रण, त्यात ल्यूसिनपण असतं) तर अजिबात नको. कॉलनी हळू येतात, घाई करू नका भावांनो. शेजारी बिनप्लाझमिडचा एचबी१०१ लावा, तो उगवला तर मिडियात कुठूनतरी ल्यूसिन येतंय.