तपासायला गेलो एक, रिपोर्टमध्ये निघालं भलतंच! आता काय करायचं?

हल्ली हे घरोघरी होतं, मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि लिव्हरवर हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) निघाला, खोकल्यासाठी सीटी काढला तर ॲड्रिनलवर (किडनीच्या वरची हार्मोन बनवणारी ग्रंथी) गाठ, मग रात्री दोनपर्यंत गूगल आणि सकाळी सगळ्यांचे चेहरे पडलेले.

आधी रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' म्हणजे निष्कर्ष असतो तो वाचा, आणि आकडा मिलिमीटरमधे आहे की सेंटिमीटरमधे तेही बघा (8 एमएमला 8 सेंटिमीटर समजून रडारड करणारे असतात). मग जुनी फाइल शोधा. गाठ चार-पाच वर्षांपूर्वीही होती आणि तेवढीच आहे, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

किडनीतली साधी सिस्ट (पाण्याची पिशवी), रिपोर्टच्या भाषेत 'बोस्निअक 1' म्हणजे सगळ्यात साधा प्रकार, पन्नाशीनंतर कितीतरी लोकांत असते, सोडून द्या. पित्ताशयात खडे आहेत पण कधी दुखलंच नाही तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. फुफ्फुसात बारीक कॅल्सिफाइड (कॅल्शियम साठलेले) डाग म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा जुन्या टीबीची खूण.

ॲड्रिनलचं मात्र तसं नाही हां. प्लेन (औषध न टोचता काढलेल्या) सीटीत गाठीची घनता 10 एचयू (सीटीत घनता मोजायचं एकक) किंवा त्याखाली असेल तर गाठ सहसा साधी, पण साधी असली तरी ती हार्मोन सोडत असू शकते, म्हणून कॉर्टिसोलची टेस्ट करतात, बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन या हार्मोनची पण, आणि एचयू जास्त असेल तर मेटानेफ्रिनची (रक्ताची किंवा लघवीची) टेस्ट बघितल्याशिवाय तुकडा काढायला सुई घालू देऊ नका, कारण फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रिनलिनसारखे हार्मोन सोडणारी गाठ) निघाला तर बीपी एकदम भडकतं. एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखवाच.

डॉक्टरांना सरळ विचारा, आत्ता काहीच नाही केलं तर काय होईल? पुढची टेस्ट कधी, आणि तिच्या रिझल्टने उपचार बदलणार आहेत का? उगाच विचारायला सांगत नाहीये. दक्षिण कोरियात लोक कॅन्सर स्क्रीनिंगला गेले की थोडे पैसे जास्त देऊन थायरॉइडची सोनोग्राफीही करून घ्यायचे, 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरापट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, आणि कित्येकांच्या ग्रंथी काढून झाल्या, आता जन्मभर गोळी.

सहा महिन्यांनी परत या म्हणाले तर तारीख मोबाइलमधे टाका, शक्यतो त्याच सेंटरला जा, आणि नुसता कागद नको, सीडी पण मागून घ्या.