जुन्या गाडीचा ईसीयू: बिघाडाची खात्री कशी करावी आणि तो कसा बदलावा

इंजिनाचे कामकाज चालवणारा संगणक, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात तो धातूचा चपटा डबा, जितक्या वेळा दोषी ठरवला जातो तितक्या वेळा तो खरोखर दोषी नसतो. गाडी चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी सुरू होते, दोन-तीन सेन्सर बदलूनही मिसिंग (इंजिनाचे मधूनमधून ठोके चुकणे) जात नाही आणि कारण सापडत नाही म्हणून शेवटी बोट ईसीयूकडे वळते. कारण न सापडणे हा ईसीयू खराब असल्याचा पुरावा नव्हे. आधी त्याला वीज आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसशी असलेली जोडणी) नीट मिळतात का हे पाहावे, मग त्याच्याकडे येणारे संकेत तपासावेत, त्यानंतर त्याच्याकडून निघणारे हुकूम, आणि डबा अगदी शेवटी उघडावा. त्या विशिष्ट मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा वायरिंगचा नकाशा हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नये, कारण पिनांचे क्रमांक अंदाजाने ठरवणे म्हणजे चांगला ईसीयू जाळण्याची तयारी करणे होय.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास उभी असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान राहावा. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर ईसीयूचा प्रोसेसर मध्येच रीसेट होतो, स्टार्टर फिरत राहतो पण इंजिन धरत नाही, आणि हे लक्षण ईसीयूच्या बिघाडासारखेच दिसते. इंजिन चालू असतानाच मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीची टोके एकदा मोजावीत. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची दाट शक्यता असते, आणि त्या गोंगाटाने ईसीयूला मिळणारे संकेत बिघडतात.

त्यानंतर इग्निशनची चावी ऑन करून चेक इंजिनचा दिवा पाहावा. इंजिन सुरू करण्यापूर्वी हा दिवा लागायलाच हवा. तो लागत नसेल आणि बल्ब चांगला असेल, तर ईसीयू जागाच झालेला नाही असे समजून त्याच्या पुरवठ्याकडे वळावे. ईसीयूला बहुधा एक पुरवठा थेट बॅटरीकडून, स्मृती टिकवण्यासाठी, असतो आणि दुसरा मेन रिलेमार्फत, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचमार्फत, येतो. जुन्या गाड्यांत या रिलेच्या आतल्या सोल्डरच्या डागांना उष्णतेने बारीक चिरा पडतात, त्यामुळे तापलेल्या गाडीत रिले ओढला जात नाही आणि गार झाल्यावर ओढला जातो.

इथे एका चुकीबद्दल मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण ती अनुभवी हातांकडूनही होते. नुसत्या मल्टिमीटरने पिनवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे पुरवठा चांगला आहे असे ठरत नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे दहा-पंधरा तारांपैकी एकच तार उरलेल्या वायरवरही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून ईसीयूचा कनेक्टर काढून पुरवठ्याच्या पिनेवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावावा आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजावे. बल्ब मंद पेटला किंवा बॅटरीच्या मानाने व्होल्टेज लक्षणीय पडले, तर दोष वायरमध्ये, फ्यूजच्या बैठकीत किंवा रिलेमध्ये आहे. अनेक गाड्यांत मेन रिले ईसीयू स्वतःच ओढतो, त्यामुळे कनेक्टर काढल्यावर तिथे वीज दिसणार नाही. अशा वेळी नकाशा पाहून रिलेच्या कंट्रोल पिनला अर्थ द्यावा आणि मग मोजावे. अर्थचीही परीक्षा याच पद्धतीने होते. बल्बचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे ईसीयूच्या अर्थ पिनला जोडून, त्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते पाहावे, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर बॉडीवरचा किंवा इंजिनावरचा अर्थचा बोल्ट काढून, गंज घासून, पुन्हा आवळावा. एका गाडीत नवा बसवलेला ईसीयूही तशीच लक्षणे दाखवू लागला, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डवरचा सैल अर्थ माझ्या लक्षात आला. ही चाचणी आधी केली असती तर तो खर्च टळला असता. बल्ब फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवरच लावावा, सेन्सरच्या पिनांवर कधीही नाही. तपासणीची सळई जाड असेल तर ती कनेक्टरच्या मादी पिनेत खुपसू नये. पिन रुंदावते आणि पुढे कायमचा सैल संपर्क मागे राहतो.

पुरवठा आणि अर्थ चांगले ठरल्यावर कनेक्टर परत बसवून सेन्सरांना मिळणारे ५ व्होल्ट पाहावेत. ईसीयू आपल्या आत हे व्होल्टेज तयार करून थ्रॉटल, मॅनिफोल्ड प्रेशर अशा सेन्सरांना देतो. ते शून्याजवळ असेल तर लगेच ईसीयूला दोष देऊ नये. एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जावे. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर तो सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळी लाइन खाली ओढत होता. सगळे सेन्सर काढूनही व्होल्टेज आले नाही आणि ती वायर कुठेही अर्थला टेकलेली नाही याची खात्री झाली, तरच ईसीयूवरचा संशय पक्का होतो.

स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लागत असेल तर कोड वाचावेत. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ (दोषांचे कोड वाचण्याची प्रमाणित पद्धत) बंधनकारक आहे. त्याहून जुन्या अनेक गाड्यांत डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना जोडल्यावर दिव्याच्या उघडझापीतून कोड मोजता येतो. पी०६०१, पी०६०४, पी०६०५ आणि पी०६०६ हे कोड ईसीयूच्या स्मृतीकडे किंवा प्रोसेसरकडे बोट दाखवतात, परंतु पुरवठा कमी असतानाही ते उमटू शकतात, म्हणून वरील तपासणी झाल्यावर कोड पुसून ते पुन्हा येतात का हे पाहावे.

स्पार्क आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) दोन्ही एकाच वेळी बंद असतील तर पहिला संशय इंजिन फिरत असल्याचे ईसीयूला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर घ्यावा. तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर पुन्हा चालणारा क्रँक सेन्सर हा ईसीयूच्या बदनामीचे सर्वात मोठे कारण आहे. स्कॅनरवर सेल्फ मारताना इंजिनाचा आरपीएम शून्यच दिसत असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. याउलट क्रँकचा संकेत ईसीयूच्या पिनपर्यंत पोहोचतो, इतर सर्व इंजेक्टर चालतात, पण एकाच इंजेक्टरला पल्स मिळत नाही आणि त्याची वायर दोन्ही टोकांपर्यंत अखंड आहे, तर ईसीयूमधला त्याला चालू-बंद करणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर गेला असे म्हणता येते.

आता डबा उघडावा. बॅटरीचा मायनस काढून, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवून मगच सर्किट बोर्डाला हात लावावा. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात बनलेल्या ईसीयूंमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळणे हा ठरलेला आजार आहे. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो आणि त्याला माशासारखा वास येतो. कपॅसिटरखाली तपकिरी डाग, हिरवट गंज, जळालेला ट्रान्झिस्टर किंवा जाड पिनांभोवती सोल्डरला पडलेली गोल चीर शोधावी. गळती लवकर लक्षात आली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंश सेल्सिअसचे कपॅसिटर बसवून ईसीयू वाचवता येतो. माझ्या मते ईसीयू बदलण्यापेक्षा हा मार्ग चांगला आहे, कारण गाडीशी जुळलेली माहिती जागच्या जागी राहते.

बदलायचाच असेल तर जुना ईसीयू कशामुळे गेला हे शोधल्याशिवाय नवा जोडू नये. शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा आयडल कंट्रोल मोटर नव्या ईसीयूचा ड्रायव्हरही पहिल्याच दिवशी जाळते. इंजेक्टरांचा रोध मोजावा. बहुतेक हाय-इम्पिडन्स इंजेक्टर १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतात आणि सर्वांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. बाकीच्या भागांचे आकडे मॅन्युअलशी ताडून पाहावेत. कनेक्टरमध्ये पाणी किंवा तेल दिसले तर ते वायरच्या आतून, दूरच्या एखाद्या सेन्सरकडून, झिरपत आलेले असू शकते. तो सेन्सरही बदलावा लागतो.

ईसीयू घेताना डब्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. डबा आणि कनेक्टर सारखे असूनही मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ईसीयू आतून वेगळे असतात. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीतला वापरलेला ईसीयू तसाच बसवला तर इंजिन क्षणभर चालून बंद पडते किंवा सुरूच होत नाही. तिथे तीन मार्ग असतात: चाव्यांची नव्याने नोंदणी करणे, जुन्या ईसीयूमधील ईईप्रॉम या स्मृती-चिपची माहिती नव्यात उतरवणे, किंवा त्या गाडीचा ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी हा पूर्ण संच घेणे. यांपैकी कोणता मार्ग आपल्या मॉडेलला लागू पडतो, हे खरेदीपूर्वी ठरवावे.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. चावी बंद करावी, बॅटरीचा मायनस काढावा, एअरबॅगची वायरिंग जवळून जात असेल तर काही मिनिटे थांबावे, कनेक्टरची कडी पूर्ण उघडून तो सरळ ओढावा. नवा ईसीयू मूळ जागीच, मूळ स्क्रूंनी आवळावा, कारण काही गाड्यांत डब्याचा अर्थ आणि उष्णतेची वाट दोन्ही त्या स्क्रूंमधूनच असतात. प्रोग्रामिंग करायचे असल्यास त्या संपूर्ण वेळात बॅटरीला स्थिर पुरवठा जोडून ठेवावा. मध्येच व्होल्टेज पडले तर अर्धवट लिहिलेला ईसीयू निकामी होऊ शकतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर आयडलिंग खालीवर होईल, त्याने घाबरू नये. मॅन्युअलमध्ये आयडल किंवा थ्रॉटल रीलर्नची (ईसीयूला त्यांची स्थिती नव्याने शिकवण्याची) कृती दिलेली असल्यास ती करावी आणि इंजिन पूर्ण तापू द्यावे. त्यानंतर गाडी वेगवेगळ्या वेगांनी चालवून कोड पुन्हा वाचावेत आणि रात्रभर गार झालेल्या इंजिनावरही एकदा सर्व पाहावे. जुन्या ईसीयूवर पार्ट नंबर, गाडीचा क्रमांक आणि बदलल्याची तारीख लिहून तो जपून ठेवावा; नव्याची नोंदणी कधी पुसली गेली, तर चाव्यांची मूळ माहिती मिळण्याची जागा बहुधा तोच असतो.