जुन्या प्लायला नवा रंग देताना या चुका टाळा

ओट्याखालच्या कपाटाची दारं आम्ही दिवाळीआधी हौसेनं रंगवली. संक्रांतीला मुठीभोवतीचा रंग नखानं सोलून निघायला लागला. रंग चांगला होता, दोन हातही मारले होते. चूक त्याच्या आधीची. पुसायच्या आधी घासलं.

फोडणीचा तेलकट थर पॉलिश पेपरनं जात नाही, उलट ओरखड्यांत भरतो आणि वर प्रायमर धरत नाही. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं. फडकं घट्ट पिळलेलं हवं. साध्या एमआर प्लायच्या (दमटपणा सोसतो, पाणी नाही) कडेत पाणी शिरलं की थर फुगतात, ते पुन्हा बसत नाहीत.

सगळा जुना रंग खरवडायची गरज नसते. ब्लेडनं चौकडी पाडा, चिकटपट्टी दाबून खसकन ओढा. रंग जागेवर राहिला तर 180 नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक मारली की पुरे. सुटला तर तेवढाच भाग काढा. घासायचं मशीन मात्र जपून. प्लायचा वरचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. एका जागी रेंगाळलात की खालचा आडव्या रेषांचा थर उघडा पडतो आणि लांबी (लाकडाची पुट्टी) भरण्यात दिवस जातो.

घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. रंग त्याआधीचा असेल तर कोरडं घासू नका. वॉटर पेपर किंचित ओला करून घासा, चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा.

कडा रंग पितात, तिथे प्रायमरचा जादा हात द्या. आणि उरलीसुरली भिंतीची पुट्टी लाकडावर नको. ती सिमेंटची, दार दोनदा आपटलं की टवका उडतो.

रंगाला सुरकुत्या आल्या? जुन्या ऑइल पेंटवर एनसी लॅकर (थिनरमध्ये कालवलेला, झटपट वाळणारा रंग) मारला असेल. त्यातल्या थिनरनं खालचा थर उठतो. वाळू द्या, खरवडा, या वेळी इनॅमलच (म्हणजे ऑइल पेंट) वापरा. चार दिवसांनीही बोट चिकटतंय? हात जाड झालाय, किंवा बाहेर पाऊस आहे. थांबा, वर आणखी रंग चढवू नका.

दारं बिजागऱ्यांवरून उतरवूनच रंगवा, आणि मागची बाजूही. एकाच बाजूला रंग बसला तर दार वाकू शकतं.