क्रेफिश पाळायचा असेल, तर कात टाकण्याचे दिवस सांभाळा

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला शेवंडासारखा प्राणी. तो विकणारे सहसा ‘काहीही खातो, कशातही जगतो’ एवढेच सांगतात. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यावर विश्वास ठेवल्यामुळे माझे पहिले दोन क्रेफिश कात टाकतानाच मेले, म्हणून बाकीच्या पायऱ्या येथे थोडक्यात उरकतो.

जात निवडताना ऑस्ट्रेलियन रेडक्लॉ घ्या. तो उष्ण प्रदेशातला असल्याने मुंबईचा मे महिना सोसतो. तो चांगला वीतभर वाढतो, तेव्हा टाकी तीन फुटांची हवी आणि तिच्यात प्राणी एकच. लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा ठेवा. स्पंज फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर आल्यानंतरच प्राणी आणा. झाकण घट्ट बसवा, कारण एअर पंपाची नळी धरून तो रात्रीतून बाहेर पडतो. खायला गोळ्या, उकडलेले वाटाणे आणि रस्त्यापासून दूर असलेल्या देशी बदामाची सुकलेली पाने पुरतात.

आता पाणी. आपल्या नळाला येते ते भातसा, तानसा, मोडकसागर अशा तलावांत साठलेले पावसाचे पाणी. त्यात क्षार कमी असतात. अँटी-क्लोरीन टाकून क्लोरीन जाते, पण कॅल्शियम येत नाही, आणि क्रेफिशचे कवच कॅल्शियमवरच उभे असते. ‘शुद्ध असावे म्हणून आरओचे पाणी भरा’ हा सल्ला तर कोणाचाही मानू नका; त्यात उरलेसुरले क्षारही नसतात. पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस टाकीत सोडा, किंवा तिसऱ्या एकशिपी करताना, म्हणजे मांस एकाच शिंपल्यात ठेवून शिजवताना, फेकून दिले जाणारे दुसरे शिंपले मीठमसाला लागण्यापूर्वीच बाजूला काढून, घासून, उकळून तळाशी पसरा. हे सावकाश विरघळतात, म्हणून प्राणी येण्यापूर्वीच टाकायचे. टेस्ट किटवर जीएच (पाण्यातल्या कॅल्शियमसारख्या क्षारांचे माप) आठच्या खाली राहिला, तर कात सुखरूप पडेल या भरवशावर मी तरी राहणार नाही.

कात टाकण्यापूर्वी क्रेफिश खाणे सोडतो, कोपऱ्यात दडतो, आणि पाठीचे कवच व शेपटी यांच्यामधली फट रुंदावते. या काळात तो जुन्या कवचातले थोडे कॅल्शियम काढून घेऊन जठरात दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो. मग एके दिवशी तो कुशीवर किंवा उताणा पडलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. आजारी समजून मी अर्धे पाणी बदलले, काडीने त्याला सरळ केले आणि वर माशांचे औषध ओतले, ज्यात तांबे होते. तांबे क्रेफिशला विषासारखे असते. तो अर्ध्या कवचात अडकूनच गेला. दुसऱ्याच्या वेळी मी हात लावला नाही, पण टाकीत शिंपलाही नव्हता. नवे कवच घट्ट झालेच नाही.

तेव्हा त्या दिवशी दिवा बंद करा, पाणी बदलू नका आणि त्याला सरळ करण्याच्या फंदात पडू नका. कवचातून निसटणे बहुधा काही मिनिटांत आटोपते. सकाळी टाकीत दोन क्रेफिश दिसले, तर एक पोकळ कात आहे. अनेक जण तिला मेलेला प्राणी समजून फेकतात, तर काही स्वच्छतेच्या हौसेने काढतात, दोन्ही चूक. ती कुरतडून तो गेलेले कॅल्शियम परत मिळवतो.

नंतरचे चार-पाच दिवस त्याचे अंग मऊ असते. सोबत ठेवलेला मासाही तेव्हा त्याचे लचके तोडतो. तो स्वतः बाहेर येऊन अन्न शोधू लागला, की आधी एखादा वाटाणा द्या आणि त्यानंतरच पाणी बदला, तेही एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. नांगी तुटलेली असेल, तर घाबरू नका. पुढच्या दोन-तीन कातींत ती पुन्हा वाढते.