मोबाइल अ‍ॅप कोणत्या पद्धतीने करून घ्यावे? या चुका टाळा

इंदूरमध्ये अ‍ॅप करून घ्यायला निघालेला माणूस सियागंजातील किराणा पेढीचा मालक असो की एखाद्या मराठी मंडळाचा कार्यवाह, निर्णयाच्या वेळी त्याच्यासमोर बहुधा दोन-तीन कोटेशने असतात आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा त्याला खुणावत असतो. फसगत येथेच सुरू होते, कारण ते आकडे एकाच वस्तूचे नसतात. एकाने अँड्रॉइडसाठी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत आणि आयफोनसाठी स्विफ्ट या भाषेत अशी दोन स्वतंत्र नेटिव्ह (त्या-त्या फोनसाठीच लिहिलेली) अ‍ॅप्स धरलेली असतात, दुसऱ्याने फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही साधने वापरून एकाच कोडवर दोन्ही फोन सांभाळायचे (क्रॉस-प्लॅटफॉर्म) ठरवलेले असते, तर तिसरा आहे तीच वेबसाइट वेबव्ह्यूमध्ये बसवून तिला आयकॉन देणार असतो. अ‍ॅपमधील सर्वांत अवघड काम कोणते आणि पुढील काही वर्षे ते अ‍ॅप कोण सांभाळणार, या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय कोटेशन वाचूच नये.

वेबसाइट गुंडाळली की अ‍ॅप झाले, असे समजणे

वेबव्ह्यू ही अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवण्याची सोय आहे. तो पूर्ण ब्राउझर नव्हे. हा फरक बहुधा पैसे भरताना कळतो. वेबसाइटवरील यूपीआयचे बटण एक विशेष प्रकारचा पत्ता उघडते आणि क्रोम तो पत्ता फोनमधील फोनपे किंवा गुगल पेकडे सोपवतो. वेबव्ह्यूला मात्र आपणहून वेबचेच पत्ते उघडता येत असल्याने पडद्यावर ‘अननोन यूआरएल स्कीम’ अशी त्रुटी झळकते आणि पैसे कापले गेले की काय, या काळजीने ग्राहक पेढीवर फोन करतो. अशा पत्त्यांना अडवून ते योग्य अ‍ॅपकडे देण्याचा कोड डेव्हलपरने वेगळा लिहावा लागतो. ‘फोटो जोडा’ या बटणाचेही तसेच आहे: अँड्रॉइडवर फाइल निवडण्याची खिडकी अ‍ॅपने स्वतः उघडायची असते, अन्यथा कितीही वेळा बोट लावले तरी काहीच घडत नाही. गुगल खात्याचे लॉगिन तर गुगलनेच वेबव्ह्यूमध्ये बंद ठेवले आहे. तेथे ४०३ क्रमांकाची त्रुटी येते आणि लॉगिनचे पान कस्टम टॅबमध्ये, म्हणजे खऱ्या ब्राउझरच्या टॅबमध्ये, उघडणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

निदानाची रीत सोपी आहे. त्याच फोनवर, त्याच नेटवर तीच क्रिया क्रोममध्ये करून पाहावी. तेथे ती पार पडली आणि अ‍ॅपमध्ये अडली, तर दोष वेबव्ह्यूच्या बाजूला आहे; सर्व्हरवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अ‍ॅपलच्या परीक्षण नियमावलीतील ४.२ हे कलमही आधीच वाचून ठेवावे, कारण केवळ वेबसाइट गुंडाळलेले अ‍ॅप त्या कलमाखाली नाकारले जाते.

मंडळाला गणेशोत्सवाचे कार्यक्रम आणि वर्गणीची सूचना एवढेच सभासदांपर्यंत पोहोचवायचे असेल, तर स्टोअरच्या भानगडीत न पडता होम स्क्रीनवर ठेवता येणारी वेबसाइट, म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप करावे. आयफोनवर त्याच्या सूचना आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून येतात, पण सभासदाने ते होम स्क्रीनवर घेतले असेल तरच. ही अट सभासदांना सांगायची राहते आणि मग सूचना येत नाहीत म्हणून डेव्हलपरला बोल लावला जातो.

सोप्या पडद्यांवरून पद्धत ठरवणे

यादी, तपशील, टोपली, नोंदणी हे पडदे कोणत्याही पद्धतीत चांगले होतात, त्यामुळे डेमोत ते पाहून काहीच ठरत नाही. अडचण येते ती फोनशी जवळून संबंध असलेल्या कामात. माल पोहोचवणाऱ्या मुलाचे ठिकाण सतत कळावे, अशी मागणी घ्या. स्क्रीन बंद झाली की नोंदी थांबतात आणि खापर फ्लटरवर फुटते. वास्तविक पार्श्वभूमीतील कामांवर बंधने अँड्रॉइडने स्वतः घातली आहेत; २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून डोझ ही, पडून असलेल्या फोनमधील कामे रोखून बॅटरी वाचवणारी व्यवस्था आहे आणि त्यावर अनेक फोन कंपन्यांनी आपापली बॅटरी-बचत चढवली आहे. सगळे कोटलिनमध्ये पुन्हा लिहिले, तरी हे नियम तेच राहतात. कायम दिसणाऱ्या सूचनेसह फोरग्राउंड सर्व्हिस (स्क्रीन बंद असतानाही चालू राहणारे काम) चालवावी लागते, परवानग्या योग्य क्रमाने मागाव्या लागतात आणि अ‍ॅप बंद असतानाही ठिकाण हवे असल्यास प्ले स्टोअरला त्याचे कारण पटवावे लागते. क्रॉस-प्लॅटफॉर्म पद्धतीत हा भाग प्लगिन, म्हणजे आयता जोडकोड, करते, आणि ते पुरले नाही तर कोटलिन व स्विफ्ट जाणणारा माणूस लागतोच. तो तुमच्या डेव्हलपरकडे आहे का, हे विचारावे.

म्हणून सर्वांत अवघड काम सर्वांत आधी करून मागावे, बाकीचे पडदे कोरे असले तरी चालतील. मुलाच्या हातात असतो तसाच स्वस्त फोन खिशात घालून, स्क्रीन बंद ठेवून, राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत एक फेरी मारावी आणि नकाशावरची रेघ मध्येच तुटते का ते पाहावे. महू किंवा देवासकडच्या खेड्यांत ऑर्डर घेणाऱ्या विक्रेत्यासाठी अ‍ॅप असेल, तर विमान मोड लावून ऑर्डर नोंदवावी, अ‍ॅप पूर्ण बंद करावे, पुन्हा उघडावे आणि मग नेट सुरू करावे. ऑर्डर हरवली किंवा दोनदा गेली, तर दोष स्थानिक साठवणुकीच्या आराखड्यात आहे.

ब्लूटूथ प्रिंटरचीही एक नेहमीची तक्रार आहे. बिलावर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात, कारण बहुतेक स्वस्त थर्मल प्रिंटरांत देवनागरी फाँटच नसतो. बिलाचे चित्र करून छापले की काम भागते. त्यासाठी पद्धत बदलण्याची गरज नाही.

एक कोड म्हणजे निम्मा खर्च, हा हिशेब

कोड एक असला, तरी चाचणी दोन्ही फोनांवर करावी लागते, आयफोनचे अ‍ॅप बांधायला मॅक लागतो आणि खाती वेगळी असतात: प्ले स्टोअरचे शुल्क एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे दरवर्षी ९९ डॉलर. खाती मालकाच्या नावे असावीत, हे निराळे सांगायला नको. शिवाय अ‍ॅप एकदा करून विसरून जाता येत नाही. प्ले स्टोअरने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना अँड्रॉइड १५ लक्ष्य ठेवण्याची (म्हणजे त्या आवृत्तीच्या नियमांना धरून बांधण्याची) अट घातली, आणि ही पातळी दरवर्षी वर सरकत असते. ज्या प्लगिनला कित्येक महिन्यांत हात लागलेला नाही, त्यावर अ‍ॅपचे मुख्य काम टेकवले तर अशा वेळी सगळेच अडकते. पद्धतीदेखील मावळतात: अडोबीने फोनगॅप या एका कोडच्या साधनाचे काम २०२० मध्ये थांबवले आणि तशाच झामरिनला मायक्रोसॉफ्टचा आधार १ मे २०२४ रोजी संपला.

घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडल्याचा दाखला एका कोडच्या पद्धतीविरुद्ध अजूनही दिला जातो. त्या कंपनीकडे दोन मोठी नेटिव्ह अ‍ॅप्स आधीपासून होती आणि त्यांत रिअ‍ॅक्ट नेटिव्ह मिसळल्याने दोनाऐवजी तीन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पाटी कोरी असलेल्या पेढीला तो दाखला फारसा लागू पडत नाही.

अ‍ॅप मंद आहे म्हणून लगेच पद्धत बदलणे

आधी फोनमध्ये कोणता बिल्ड, म्हणजे बांधलेली प्रत, आहे ते विचारावे. फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या दोन्हींचा डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची प्रत) मुळातच संथ असतो आणि घाईत तोच ग्राहकाला पाठवला जातो. मत बनवायचे ते रिलीज बिल्डवर, म्हणजे स्टोअरला द्यायच्या प्रतीवर. तोही अडखळत असेल, तर प्ले कन्सोल या प्ले स्टोअरच्या डेव्हलपर-खात्यातील अँड्रॉइड व्हायटल्स हा अहवाल उघडून अ‍ॅप कोणत्या फोनांवर आणि कोठे गोठते ते पाहावे. मालाच्या यादीवरच ते गोठत असेल, तर सर्व्हरवरून येणाऱ्या फोटोंचा आकार तपासावा. कॅमेऱ्यातून निघालेले कित्येक एमबीचे फोटो बोटभर चौकटीत दाखवले जात असतील, तर ते सर्व्हरवरच लहान करून पाठवावेत आणि त्यानंतर पुन्हा मोजणी करावी.