रोल नंबरच्या आधी शून्य लावा

वर्गातल्या पोरांनी बनवलेल्या वेबसाइटचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवायची प्रत, घ्यायचाय? लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर मागवल्या, की हरवल्याच म्हणून समजा. एकच गूगल शीट करा: रोल नंबर, लिंक, शेवटच्या बॅकअपची तारीख. प्रत्येकाच्या बॅकअपच्या फोल्डरला ‘7’ नाही, ‘07’ नाव द्या. नाहीतर गूगल ड्राइव्हवर 10 नंबर 2 च्या आधी येऊन बसू शकतो.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या साइटचं नुसतं फोल्डर उतरवून भागत नाही. त्यात फोटो अन् थीम असतात. लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटच्या माहितीच्या वेगळ्या साठ्यात असतो, तो वेगळा एक्स्पोर्ट करायचा. माझ्या एका बॅचचे नुसते फोटोच उरले होते!

आमच्या लातुरात उन्हाळ्यात दुपारी लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून हे काम सकाळीच. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर. अन् झिप, म्हणजे सगळं एकत्र दाबून बांधलेली फाइल, उघडून बघाच. अर्धवट उतरलेली बहुतेक वेळा उघडतच नाही.