मुलीला रोड रेसिंगमध्ये उतरवताना: इंदूरच्या घरांसाठी आणि सायकल क्लबांसाठी

इंदूरमध्ये सायकल चालवणाऱ्या मुलींची वानवा नाही. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर गेलात, तर शाळकरी मुलींपासून पन्नाशीच्या काकूंपर्यंत सगळ्या भेटतात. त्यांतून शर्यतीच्या आरंभरेषेवर उभ्या राहणाऱ्या मात्र फार थोड्या उरतात, आणि या गळतीचे कारण पायांतील ताकद हे क्वचितच असते. पहाटे साडेचारला सोबत कोण येणार, पाळीच्या दिवसांत सराव करायचा की नाही, ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटे नीट का पोहोचत नाहीत, घोळक्यात चाकामागे चाक ठेवून चालायला शिकवणार कोण, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर न मिळाल्याने त्या थांबतात. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या एखाद्या घरात मुलगी ‘मला रेस करायची आहे’ असे म्हणाली, तर आई-वडिलांनी, काका-मावशीने आणि क्लबमधल्या ज्येष्ठांनी नेमके काय करावे, ते येथे सांगितले आहे.

या खेळाने मुळातच स्त्रियांना उशिरा दार उघडले. पुरुषांची रोड रेस १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये झाली होती; स्त्रियांची १९८४ मध्ये, लॉस एंजलिसला. टूर द फ्रान्स १९०३ पासून चालू आहे. स्त्रियांची टूर १९८४ ते १९८९ अशी काही वर्षे झाली, आणि तिचे आजचे रूप २०२२ मध्ये आले. याचा परिणाम आपल्या शहरापर्यंत पोहोचतो. मुलाला क्लबमध्ये शर्यत खेळून आलेले चार दादा भेटतात, मुलीला तशी ताई बहुधा भेटत नाही. जी माहिती मुलांना गप्पांतून आपोआप मिळते, ती मुलीला कोणीतरी मुद्दाम द्यावी लागते, आणि ते काम आपले आहे.

आधी झोप, मग रस्ता

साडेचारला उठणाऱ्या मुलीने नऊ-साडेनऊला झोपायला हवे, आणि इंदूरसारख्या रात्री जागणाऱ्या शहरात हे वाटते तितके सोपे नाही. सराफ्याच्या खाऊबाजारात गर्दी भरते तीच मुळी रात्री, आणि लग्नसराईत तर घरातले कोणीच बारापूर्वी आडवे होत नाही. घराने एवढे ठरवावे की सरावाच्या आदल्या रात्री तिला कोणत्याही कार्यक्रमाला थांबवून घ्यायचे नाही आणि ‘एक दिवस नाही गेलीस तर काय बिघडते’ हे वाक्य उच्चारायचे नाही.

सपाट वेगाच्या सरावासाठी सुपर कॉरिडॉर उत्तम आहे. चढासाठी मानपूरजवळचे जानापाव अधिक उपयोगी, कारण तेथील चढ आखूड आणि खडा असून वर जाण्याचा वेळ दर महिन्याला मोजला की प्रगती घड्याळावरच दिसते. खंडवा रोडवरचा सिमरोल घाट रम्य आहे, परंतु अवजड वाहनांमुळे सोळा वर्षांखालील मुलीला तेथे एकटी पाठवणे मला मान्य नाही. आग्रा-मुंबई मार्गावरील भेरूघाटाचा तर विचारच नको. सुरुवातीचे काही आठवडे घरातील कोणीतरी स्कूटरवरून मागे राहावे, पुढे ही सोबत कमी करत जावी, आणि मोबाइलवरून ठिकाण दिसत राहील एवढी व्यवस्था कायम ठेवावी. मागचा लुकलुकणारा लाल दिवा उजाडल्यानंतरही चालू असावा. भटकी कुत्री मागे लागली तर लाथ मारण्याच्या नादात तोल जातो. बाटलीतील पाण्याची पिचकारी बहुतेक वेळा पुरते.

एका गोष्टीबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून ती स्पष्ट लिहितो. तीन-चार तासांच्या सरावात मुलीला स्वच्छतागृह लागते, आणि ते मिळणार नाही या भीतीने ती पाणीच पीत नाही. मार्ग आखताना वापरण्याजोगे स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप आधी पाहून ठेवावेत. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट शर्यतीत आरामाची असली, तरी ती उतरवायला आधी जर्सी काढावी लागते. सरावासाठी कमरेपर्यंतची साधी पॅडची शॉर्ट बरी. दोन्हींच्या आत दुसरे कापड घालू नये, कारण शिवणीने कातडी सोलते.

सायकल: किंमत नंतर, माप आधी

पहिल्या वर्षी कार्बनच्या फ्रेमवर पैसे घालवू नयेत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असूच शकत नाही, आणि नवख्या मुलीचे यश-अपयश एखाद-दोन किलोंवर ठरत नसते. नीट मापाची अॅल्युमिनियमची सायकल, ५०-३४ दात्यांच्या पुढच्या दोन चकत्या आणि मागे ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच), एवढ्यावर जानापावही चढता येते.

माप बिघडते ते दादाची किंवा काकाची जुनी सायकल तिला दिल्यामुळे. फ्रेम मोठी असली की हँडल दूर जाते, हात ताणले जातात, आणि महिनाभरात मान व पाठ दुखू लागते. मग घरात ‘मुलींना हा खेळ झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर दाबून धरावे, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे आणि त्या आकड्याला ०.८८३ ने गुणावे. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत साधारण तेवढे अंतर ठेवून सुरुवात करावी. ठेंगण्या मुलीला १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, अधिक सोयीचे पडतात.

ब्रेकची दांडी ही तर सर्वांत दुर्लक्षित बाब. बहुतेक रोड शिफ्टरमध्ये (ब्रेक आणि गिअर एकत्र असलेल्या दांडीच्या जोडणीत) दांडी हँडलकडे आत आणण्याचा एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून दांडी इतकी जवळ आणावी की हँडलच्या खालच्या वाकात हात असताना तर्जनी आणि मधले बोट मधल्या पेरापर्यंत तिच्यावर बसेल. त्यानंतर ब्रेकची केबल पुन्हा ताणून घ्यावी लागते, नाहीतर दांडी हँडलला टेकते आणि ब्रेक लागत नाही. पाच मिनिटांचे हे काम न केल्यामुळे उतारावर घाबरणाऱ्या मुलींना आपण भित्र्या म्हणतो. सीटची रुंदी बसण्याच्या हाडांप्रमाणे घ्यावी. सरासरीने स्त्रियांच्या त्या हाडांमधले अंतर थोडे अधिक असते, आणि मधे खाच असलेली आखूड नाकाची सीट अनेकींना मानवते. एकदा बसून पाहिल्याशिवाय सीट विकत घेऊ नये.

खाणे, रक्त आणि पाळी

इंदूरचे पोहे हे सायकलपटूचे खाणेच आहे; जिलबी सरावानंतर खाल्ली तर तिलाही माझी हरकत नाही. दीड तासाहून मोठ्या सरावात मात्र दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर आणि चिक्कीही खिशात चांगली राहतात. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू घातले की महागड्या पुडीची गरज उरत नाही. एप्रिल-मे मध्ये दोन बाटल्या कमीच पडतात.

धोका कमी खाण्याचा आहे. ‘बारीक झाली की चढ लवकर चढेल’ हे क्लबमधल्या कोणीतरी सहज बोलून जाते आणि मुलगी रात्रीची पोळी सोडते. कष्टांच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर आधी पाळी थांबवते, मग हाडे ठिसूळ होऊ लागतात, आजारपणे वाढतात आणि वेगही घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन सर्व खेळांना सावध केले. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘सरावामुळे होते असे’ म्हणून सोडून न देता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. वजन हा विषय प्रशिक्षकाने सर्वांसमोर काढू नये, आणि काढला तर आईने त्याला तेथेच थांबवावे.

देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. म्हणून वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) या दोन्ही तपासण्या कराव्यात. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ओळखीच्या जिममधून आलेली ताकदीची पावडर तर घरातच येऊ देऊ नये, कारण तिच्यात प्रतिबंधित द्रव्य सापडले तर जबाबदारी खेळाडूची ठरते. साध्या सर्दीच्या गोळीबद्दल शंका असली, तरी राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अॅपमध्ये नाव घालून पाहता येते.

पाळीच्या दिवसांत सराव करावा की नाही, हे तिचे तिनेच ठरवावे. बऱ्याच जणींना हलका सराव बरा वाटतो, काहींना पहिला दिवस सुटीच हवी असते. सरावाच्या वहीत पाळीच्या तारखा लिहिल्या, तर चार-सहा महिन्यांत तिचा स्वतःचा क्रम कळतो आणि कठीण सराव त्याप्रमाणे मागेपुढे करता येतो.

घोळक्यात चालणे

रोड रेस म्हणजे सर्वांत जोरात पेडल मारणाऱ्याची परीक्षा नव्हे. दुसऱ्याच्या चाकामागे नीट राहिले की साधारण तिसरा हिस्सा श्रम वाचतात, आणि वाचवलेले श्रम कोठे खर्चायचे यावर निकाल ठरतो. येथेच आपले क्लब, चांगल्या हेतूने, मुलींचे नुकसान करतात. रविवारच्या घोळक्यात पंधरा पुरुष आणि एक मुलगी असली की ‘तू मागे राहा, आम्ही वारा कापतो’ असे म्हणून तिला सांभाळून घेतले जाते. ती ताशी ३५ च्या वेगाने शहर फिरून येते, सगळे तिची पाठ थोपटतात, आणि पहिल्याच शर्यतीत, जेथे पुढे कोणी दादा नसतो, ती पाचव्या किलोमीटरला मागे सुटते. सांभाळून घेणे आणि शिकवणे यांत येथे फार अंतर आहे. तिची ‘पुल’, म्हणजे सर्वांच्या पुढे राहून वारा कापण्याची बारी, तिला द्यावी, भले ती पंधरा सेकंदांची असो, आणि त्या वेळी सगळ्या घोळक्याने तिच्या वेगाने चालावे.

ही आळीपाळी शिकवायला रिकामा रस्ता आणि चौघीजणी पुरतात. पुढची मुलगी मागे वाहन नाही हे पाहते, कोपर हलवून खूण करते, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हातभर सरकते आणि पेडल फिरवणे न थांबवता नुसता जोर कमी करते. दुसरी आता पुढे आली. तिने वेग वाढवायचा नसतो, मीटरवर जो आकडा होता तोच ठेवायचा असतो. नव्या मुली येथे हमखास चुकतात, उत्साहाने झेप घेतात आणि मागच्या मुलींची साखळी तुटते. सरकलेली मुलगी शेवटच्या सायकलच्या मागील चाकाशी आली की क्षणभर जोर लावून जागा घेते. उशीर केला तर तेवढेच अंतर भरून काढताना पाय संपतात. नजर पुढच्या चाकावर न खिळवता पुढच्या मुलीच्या कमरेवर किंवा खांद्यावरून पलीकडे असावी, आणि आपले पुढचे चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवू नये, कारण दोन्ही चाके घासली तर पडते ती मागची. वळणावर बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, भार त्यावर, आणि ब्रेक वळणाच्या आधी.

मोजण्याची सवयही लावावी. टोकियो ऑलिंपिकची शर्यत २०२१ मध्ये झाली तेव्हा ऑस्ट्रियाची अॅना किसेनहोफर, जिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता आणि जी गणिताची संशोधक होती, ती सुरुवातीलाच निसटली आणि ७५ सेकंदांनी जिंकली. नेदरलँड्सची अॅनेमिक व्हॅन व्ह्लूटेन दुसरी आली, पण आपणच जिंकलो या समजुतीने तिने हात उंचावले. शर्यतीत कानातले रेडिओ नव्हते आणि पुढे एक जण आहे हे तिला ठाऊक नव्हते. पुढे किती गेल्या, परत किती सापडल्या, हे जिल्हा पातळीच्या शर्यतीतही जिने तिने स्वतः मोजले पाहिजे.

आठवड्याच्या सरावाबद्दल थोडक्यात: बहुतांश वेळ बोलता येईल अशा वेगाचा, दोन दिवस कठीण, एक दिवस पूर्ण सुटी. पावसाळ्यात होम ट्रेनर (घरात सायकल जागच्या जागी चालवण्याचे साधन) वापरावा, ओल्या रस्त्यावर शौर्य दाखवू नये.

प्रशिक्षक आणि पहिली शर्यत

२०२२ मध्ये स्लोव्हेनियातील सराव शिबिरात भारतीय संघातील एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तिला परत आणले, त्या प्रशिक्षकाचा करार संपवला आणि महिला खेळाडू असलेल्या दौऱ्यांत महिला प्रशिक्षक असावी, असा निर्देश महासंघांना दिला. राष्ट्रीय पातळीवर जे घडू शकते ते गावपातळीवर घडणार नाही असे धरून चालू नये. बाहेरगावच्या शिबिरात मुक्काम कोठे, खोलीत सोबत कोण, बरोबर महिला कोण, हे विचारणे पालकांचा हक्क आहे, आणि या प्रश्नांनी चिडणारा प्रशिक्षक बदलावा. मालिशच्या नावाखाली एकांत नको, रात्रीचे खासगी संदेश नकोत. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, हे तिलाही माहीत असावे.

पहिली शर्यत टाइम ट्रायल असावी असे माझे मत आहे. त्यात प्रत्येक जण एकटी निघते, घोळक्याची भीती नसते, आणि आपण कोठे आहोत हे मिनिटा-सेकंदांत कळते. वयोगट त्या वर्षात पूर्ण होणाऱ्या वयावर ठरतो, म्हणून जन्मदाखला आणि राज्य संघटनेकडील नोंदणी आधीच तयार ठेवावी. नवे बूट, नवी सीट, नवे खाणे शर्यतीच्या दिवशी आणू नये. वडिलांनी अंतिम रेषेवर उभे राहून ‘जोर लाव’ असे ओरडण्यापेक्षा अर्ध्या वाटेवर पाण्याची बाटली घेऊन उभे राहणे अधिक उपयोगी, आणि त्याआधी तेथे बाटली देण्याची परवानगी आहे का हे पंचांना विचारून घ्यावे. बाटली वरून धरावी, म्हणजे तिला खालचा भाग पकडता येतो.

शर्यत संपल्यावर कितवी आलीस हे विचारू नये. ते फलकावर लागतेच. कोठे मागे सुटलीस, कोणत्या गिअरवर होतीस, केव्हा खाल्लेस, हे दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घ्यावे. निकालपत्रक आणि प्रमाणपत्र यांच्या प्रती त्याच आठवड्यात फाइलला लावाव्यात, कारण रेल्वेत किंवा सुरक्षा दलांत खेळाडू कोट्यातून अर्ज करताना मान्यताप्राप्त स्पर्धांचीच कागदपत्रे लागतात, आणि आयोजकांकडून ती वर्षभराने मिळवायला गेले तर फेऱ्या मारून चपला झिजतात.